वाँडरर्स : स्टेशनाखाली गेलेले मैदान

वाँडरर्स क्लब १८८८ साली स्थापन झाला, तेव्हा जोहान्सबर्ग गावच जेमतेम दोन वर्षांचे होते. १८८६ च्या सुरुवातीला लांगलाग्ते नावाच्या शेतावर जॉर्ज हॅरिसन याला सोन्याचा थर जमिनीवर उघडा पडलेला दिसला. शोधकर्ता म्हणून मिळालेला हक्क त्याने दहा पौंडांना विकून टाकला आणि पुढे तो कुठे गेला ते कुणाला कळले नाही. त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत सरकारने ही जमीन खाणकामाला खुली केली आणि जवळच्या एका त्रिकोणी, ओसाड सरकारी तुकड्यावर प्लॉट पाडले. नदी नाही, बंदर नाही, समुद्रसपाटीपासून साडेसतराशे मीटर उंची. गाव वसायला सोन्याखेरीज दुसरे कारणच नव्हते. दहा वर्षांत तिथे लाखभर माणसे राहू लागली. रस्ते मातीचे, पाण्याची कायम रड, आणि अशा गावात क्रिकेट, रग्बी, टेनिस, सायकलिंग, मुष्टियुद्ध अशा सगळ्या खेळांचा एक क्लब उभा राहिला.

आपल्या जिमखान्याच्या स्मरणिकेत परक्या क्लबाचा इतिहास कशाला, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. मुंबईत बॉम्बे जिमखाना १८७५ चा, पारशी जिमखाना १८८५ चा, इस्लाम जिमखाना १८९२ चा आणि हिंदू जिमखाना १८९४ चा. वाँडरर्सचा जन्म याच काळातला, याच साम्राज्याच्या सावलीतला. जागा कुणी दिली, आत कोण आणि बाहेर कोण, पुढे ती जागा कुणी मागितली, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच. आपल्या संस्थांचे इतिहास लिहिताना आपण बहुधा करंडक मोजतो आणि कुंपण विसरतो. वाँडरर्सच्या बाबतीत कुंपण विसरून चालतच नाही. म्हणून मी या क्लबाकडे वळलो.

जागा मिळाली ती ट्रान्सवालच्या बोअर सरकारकडून, गावाच्या उत्तरेच्या कडेला. अध्यक्ष होते पॉल क्रूगर, कर्मठ, शेतकरी वृत्तीचे आणि बायबलवर अढळ श्रद्धा असलेले. सोन्यामागून आलेली इंग्रजी बोलणारी गर्दी त्यांना मुळीच आवडत नव्हती. पण खाणींचा कर त्यांना हवा होता. गर्दीला मैदान हवे होते, ते मिळाले. मताचा अधिकार हवा होता, तो मिळाला नाही. मैदानाला लोक क्रूगर्स पार्क म्हणत. पुढे शेजारून रेल्वे आली, तेव्हा तिथल्या थांब्याचे नाव पार्क हॉल्ट पडले. १८९० च्या मार्चमध्ये क्रूगर स्वतः जोहान्सबर्गला आले आणि याच मैदानावर गर्दीसमोर बोलायला उभे राहिले. स्वागत कसे झाले ते सांगण्यासारखे नाही. लोकांनी ब्रिटिश राणीचे गीत म्हटले आणि अध्यक्ष उतरले होते त्या घरावरचा प्रजासत्ताकाचा झेंडा फाडून काढला. क्लब दोन वर्षांचाही झाला नव्हता आणि मैदान राजकारणाचे व्यासपीठ होऊन बसले होते. वाँडरर्सच्या कपाळी तेव्हाच जे लिहिले गेले ते आजतागायत पुसलेले नाही.

पहिली कसोटी १८९६ च्या मार्चची, २ ते ४ तारखेची. त्या वेळी गावात क्रिकेट खेळले गेले हेच नवल. डिसेंबरच्या शेवटी डॉ. जेमसन हत्यारबंद स्वार घेऊन ट्रान्सवालवर चालून आला आणि २ जानेवारीला डोर्नकोपला शरण गेला. त्याच्याशी संगनमत करून क्रूगर सरकारविरुद्ध उठावाचा कट करणारे खाणमालक प्रिटोरियात अटकेत होते. १९ फेब्रुवारीला ब्राम्फोंटेनच्या रेल्वे यार्डात खाणींसाठी आलेल्या डायनामाइटची गाडी उडाली. सत्तरहून अधिक माणसे मेली आणि हजारो बेघर झाली. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच लॉर्ड हॉक यांचा इंग्लंडचा संघ मैदानात उतरला. जॉर्ज लोमनने एका डावात २८ धावांत ९ बळी घेतले. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारा तो पहिला गोलंदाज. दक्षिण आफ्रिका एक डाव आणि १९७ धावांनी हरली. इंग्लंडपुढे उभे करण्याजोगा केपमधला वेगवान गोलंदाज क्रोम हेंड्रिक्स मात्र संघात नव्हता. तो गोरा नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या इंग्लंड दौऱ्यातूनही त्याला याच कारणाने वगळले होते. लोमनचा आकडा सगळे पाठ म्हणतात, हेंड्रिक्सचे नाव विचारा, लोक गप्प होतात.

त्या मैदानाचे रूप आजच्या प्रेक्षकाला ओळखू आले नसते. तांबड्या, कडक मातीची सपाट पाटी आणि मधोमध अंथरलेले मॅटिंग. मुंबईच्या मैदानांवर ज्यांनी मॅटवर क्रिकेट खेळले आहे, त्यांना सांगायला नको : चेंडू उसळतो, आणि बोटांत फिरकी असेल तर हातभर वळतो. ओल्ड वाँडरर्सच्या इतिहासातले मोठे पराक्रम बहुतेक गोलंदाजांचे आहेत, त्याचे अर्धे श्रेय या मॅटिंगला जाते.

उरलेल्या अर्ध्यात १९०६ ची जानेवारी येते. बोअर युद्ध संपून चार वर्षे झाली नव्हती. प्लम वॉर्नरच्या इंग्लंड संघाविरुद्ध दक्षिण आफ्रिकेला जिंकायला २८४ धावा हव्या होत्या आणि नववा गडी बाद झाला तेव्हा ४५ अजून बाकी होत्या. एका टोकाला डेव्ह नर्स खेळत होता, दुसऱ्या टोकाला अखेरचा फलंदाज म्हणून आला कर्णधार पर्सी शेरवेल. दोघांनी ४८ धावा काढल्या. रेल्फचा एक फुलटॉस शेरवेलने सीमेपार धाडला आणि दक्षिण आफ्रिकेने आपली पहिली कसोटी एका गड्याने जिंकली. नर्स ९३ वर नाबाद राहिला. त्या मालिकेत दक्षिण आफ्रिकेने पाचही कसोट्यांत तेच अकरा खेळाडू खेळवले. आजच्या निवड समित्यांना ही गोष्ट कोणीतरी वाचून दाखवावी. संघात गुगली टाकणारे चार जण होते : श्वार्त्स, फॉकनर, व्होग्लर आणि व्हाइट. श्वार्त्स ही विद्या इंग्लंडमध्ये तिच्या जनकाकडून, बोझँकेटकडून शिकला आणि घरी येऊन त्याने ती बाकीच्यांना दिली.

या यशामागे पैसा होता खाणीचा. एब बेली हा खाणमालक क्रिकेटवेडा होता आणि १९०४ चा दक्षिण आफ्रिकेचा इंग्लंड दौरा त्याच्याच खर्चाने झाला. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांची एक मध्यवर्ती क्रिकेट परिषद असावी, ही कल्पनाही त्याचीच. १९०९ साली ती परिषद स्थापन झाली. आपण आज आयसीसी म्हणतो, तिचे मूळ हे. भारताला तिच्यात प्रवेश मिळाला १९२६ साली. भारतीय मंडळ आज त्या परिषदेत ज्या थाटात वावरते, तो थाट बेलीला पाहायला मिळता तर मजा आली असती.

इथे थोडे थांबून मैदानाच्या शेजारी पाहू. १८९७ साली पार्क स्टेशनला लोखंड आणि काचेचे देखणे छप्पर आले, डच वास्तुशिल्पी क्लिंकहामर याच्या आराखड्याचे. जवळूनच रिसिक स्ट्रीट जातो आणि त्याच रस्त्यावर, काही चौक पलीकडे, मोहनदास गांधी नावाच्या भारतीय वकिलाचे कार्यालय होते. १९१२ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस या स्टेशनात नामदार गोपाळ कृष्ण गोखले उतरले. गांधीजींचे मित्र हर्मान कॅलनबाख वास्तुशिल्पीच होते. स्वागताची कमान त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली होती. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांनी गोखल्यांना दिलेले मानपत्र सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. पत्रा हृदयाच्या आकाराचा, सोने त्याच खाणींचे, खाली ऱ्होडेशियाचा साग आणि वर हिंदुस्थान व लंकेचा नकाशा. ज्यांना पदपथावरून चालायची आणि ट्रामने जायची मुभा नव्हती, त्यांनी गावाच्या सोन्यातून आपल्या पाहुण्याचा सन्मान केला. मला या साऱ्या इतिहासात यापेक्षा ठाम असे काही सापडलेले नाही.

आणखी एक गोष्ट, मराठी वाचकाला खास आवडेल अशी. जोहान्सबर्गच्या सभेत कोकणी मुसलमान होते आणि महाराष्ट्रातले थोडे हिंदूही होते. त्यांची इच्छा होती की गोखल्यांनी मराठीतून बोलावे. गांधीजींनी तशी विनंती केली आणि हिंदुस्थानीत अनुवाद मी करीन असे सांगितले. गोखल्यांनी त्यांच्या मराठीच्या ज्ञानाची हसत हसत चेष्टा केली, पण मान्य केले. सभेला तो प्रयोग इतका आवडला की तिथपासून थेट झांजीबारपर्यंत हिंदी सभांमधून गोखले मराठीतच बोलत गेले. गांधीजींनी हे सारे 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' या पुस्तकात लिहून ठेवले आहे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातली मराठी सोन्याच्या खाणीच्या गावात, क्रिकेटच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर गेली होती. वाँडरर्सच्या नोंदवह्यांत याचा उल्लेख असण्याचे कारण नाही. आपल्या स्मरणिकेत असायला हरकत नाही.

पुढच्याच वर्षी, १९१३ च्या नोव्हेंबरात, नातालमधल्या कोळसा खाणींचे दोन हजारांहून अधिक हिंदी मजूर गांधीजींच्या सत्याग्रहात बायकामुलांसह ट्रान्सवालची हद्द ओलांडून निघाले. गांधीजींना अटक झाली. १८ डिसेंबरला ते सुटले आणि २६ तारखेला वाँडरर्सवर इंग्लंडविरुद्धची दुसरी कसोटी सुरू झाली. सिडनी बार्न्सने मॅटवर पहिल्या डावात ५६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १०३ धावांत ९ गडी बाद केले. एका कसोटीत सतरा बळी. हा विक्रम बेचाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. १९५६ साली जिम लेकरने मँचेस्टरला तो मोडला. बार्न्सबद्दल क्रिकेटवाले इतके बोलले आहेत की मी भर घालत नाही. एवढेच म्हणतो की त्या डिसेंबरात त्या प्रदेशातली मोठी बातमी क्रिकेटची नव्हती.

यानंतरच्या वर्षांत मैदानावरचे दोन सामने मला विशेष वाटतात. पहिला १९३० च्या डिसेंबरचा, इंग्लंडविरुद्धचा. नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी एक डोळा गमावलेला बस्टर न्यूपेन त्या एका कसोटीपुरता दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार होता. मॅटवरचा तो बादशहा. गवताच्या खेळपट्टीवर मात्र त्याचे फारसे चालत नसे. त्याने अकरा बळी घेतले, दक्षिण आफ्रिका २८ धावांनी जिंकली आणि मालिका त्याच एका विजयावर जिंकली. थोड्याच वर्षांत मॅटिंग गेले, गवत आले, आणि न्यूपेनसारख्या गोलंदाजांची जातच संपली. दुसरा सामना १९३५ च्या नाताळातला. डेव्ह नर्सचा मुलगा डडली नर्स याने बापाच्या मैदानावर २३१ धावा काढल्या. ऑस्ट्रेलियापुढे ३९९ चे अशक्य वाटणारे लक्ष्य होते. स्टॅन मकेबने अशी काही धुलाई केली की आभाळ काळवंडल्यावर दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हर्बी वेड यानेच पंचांकडे अंधुक प्रकाशाची तक्रार केली. कारण? क्षेत्ररक्षकांच्या जिवाला धोका आहे! फलंदाज खुशाल खेळतो आहे आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला चेंडू दिसत नाही म्हणून खेळ थांबवा, असे म्हणणारा दुसरा कर्णधार मी ऐकलेला नाही. पाऊस आला. ऑस्ट्रेलिया दोन बाद २७४, मकेब नाबाद १८९. सामना अनिर्णित.

या मैदानावर एकूण बावीस कसोट्या झाल्या, शेवटची १९३९ च्या फेब्रुवारीत. मग महायुद्ध आले आणि युद्धानंतर रेल्वे.

रेल्वेचा हव्यास समजण्यासारखा होता. एका बाजूला वाढते शहर, दुसऱ्या बाजूला पसरलेले स्टेशन आणि मध्ये गावातली सर्वांत मौल्यवान मोकळी जागा. सोन्याचे गाव केव्हाच महानगर झाले होते. मैदान रेल्वेच्या ताब्यात गेले आणि त्या जमिनीवर नव्या स्टेशनचे काम १९६० च्या दशकापर्यंत चालले. १९४८ ते १९५४ या काळात जोहान्सबर्गच्या कसोट्या एलिस पार्क या रग्बीच्या मैदानावर खेळवाव्या लागल्या. मुंबईकरांना हे ऐकून फारसे आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडे मोकळ्या जागेवर कुणाची ना कुणाची नजर असतेच. फरक इतकाच की वाँडरर्सचे सभासद सधन आणि वजनदार होते, आणि तरीही त्यांना मैदान राखता आले नाही.

आज पार्क स्टेशनात उभे राहिले तर पायांखाली ओल्ड वाँडरर्स आहे. लांब पल्ल्याच्या बसची तिकिटे, बोचकी घेऊन झिंबाब्वे आणि मोझांबिककडे निघालेली कुटुंबे, पोलीस, खाण्याची दुकाने, उंच छताखाली घुमणारी घोषणा. जिथे बार्न्सने सतरा बळी घेतले तिथे आता कुणीतरी सामानावर बसून भाजलेले कणीस खात असते. बाहेर वाँडरर्स स्ट्रीट आहे. मैदानाची आठवण म्हणून उरले ते एवढे नाव, आणि तेही मिनीबस टॅक्सींच्या कोलाहलात. क्लिंकहामरचे लोखंडी छप्परसुद्धा जागेवर राहिले नाही, ते उचलून न्यूटाउन भागात नेऊन ठेवले आहे. ज्या स्टेशनाने मैदान खाल्ले त्याचे जुने रूपही पुढच्या स्टेशनाने ठेवले नाही. एक साधी पाटी तरी हवी होती असे वाटते : इथे कसोटी क्रिकेट होत असे. मला ती दिसली नाही. कुणाला दिसली तर जरूर कळवावे.

नवे मैदान उत्तरेला, इलोव्हो उपनगरात. पहिली कसोटी १९५६ च्या २४ डिसेंबरला सुरू झाली, इंग्लंडविरुद्ध. खोलगट, चारी बाजूंनी चढत गेलेल्या प्रेक्षागारांमुळे लोक त्याला बुलरिंग, म्हणजे बैलझुंजीचा आखाडा, म्हणतात. सीमेजवळ उभ्या असलेल्या पाहुण्या क्षेत्ररक्षकाला त्या नावाचा अर्थ कानांनी समजतो. उंचीमुळे हवा विरळ, चेंडू लांब जातो. २००६ च्या मार्चमध्ये एकदिवसीय सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ४३४ धावा दक्षिण आफ्रिकेने ओलांडल्या त्या याच मैदानावर. टेफील्डचे नऊ बळी, पोलॉक घराण्याचे दिवस, हे सगळे इथले. पण त्याच्या तपशिलात मी शिरत नाही. इंग्रजी पुस्तकांत ते भरपूर आहे.

जे कमी आहे ते सांगतो. वाँडरर्स ज्या सोन्यावर उभा राहिला ते जमिनीखालून काढणारे हात बहुतांशी काळ्या मजुरांचे होते. हे मजूर दूरच्या खेड्यांतून करारावर येत, खाणीच्या आवारातल्या बराकींत राहत आणि परवाना बाळगल्याशिवाय गावात फिरू शकत नसत. त्याच खाणींच्या आवारांत क्रिकेटही चाले. फ्रँक रोरो हा किंबर्लीहून आलेला फलंदाज क्राउन माइन्स या खाणीच्या संघाकडून वर्षानुवर्षे खेळला. त्याला आफ्रिकन क्रिकेटचा डब्ल्यू. जी. ग्रेस म्हणत. १९५१ साली दादाभाई ब्रदर्स करंडकासाठी वर्णवार संघांची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा चाळिशी ओलांडलेला रोरो आफ्रिकन संघाचा कर्णधार होता. करंडक दिला तो एका हिंदी व्यापारी कुटुंबाने. स्पर्धाही वर्णवार होती हे खरे; आपल्या पंचरंगी-चौरंगी सामन्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पण तिथे निदान दार उघडे होते. देशाच्या कसोटी संघाचे दार रोरोसाठी जन्मभर बंदच राहिले. क्लबाचे सभासदत्व गोऱ्यांना, राष्ट्रीय संघ गोऱ्यांचा, प्रेक्षकांच्या जागाही रंगाप्रमाणे.

अस्पृश्य मानलेल्या जातीतले गोलंदाज पळवणकर बाळू यांना पुण्याच्या क्लबात चहा वेगळ्या पात्रातून आणि तोही बाहेर मिळे, हे आपण वाचलेले आहे. म्हणून दक्षिण आफ्रिकेला नावे ठेवताना आपला आवाज फार चढू नये. पण एक भेद मान्य करायला हवा. बाळूंना निदान मैदानात उतरू दिले आणि १९११ साली इंग्लंडलाही नेले. वर्णद्वेष कायद्यात लिहिला गेला की मैदानाचेही दार बंद होते.

जगाने १९७० नंतर दक्षिण आफ्रिकेशी क्रिकेट सोडले. वाँडरर्स ओस पडले नाही. पैसे मोजून आणलेले बंडखोर संघ इथे खेळत राहिले. शेवटचा माइक गॅटिंगचा. १९९० च्या फेब्रुवारीत त्याच्या संघाचा इथला सामना झाला, निदर्शनांच्या घोषणा मैदानाबाहेर चालू होत्या, आणि त्याच महिन्याच्या ११ तारखेला नेल्सन मंडेला तुरुंगातून बाहेर आले. दौरा अर्ध्यावर गुंडाळावा लागला.

१९९२ च्या नोव्हेंबरात भारतीय संघ आला. बंदी उठल्यावर दक्षिण आफ्रिकेत कसोटी खेळणारा हा पहिला पाहुणा संघ. डरबनला पहिल्या कसोटीत पदार्पणातच प्रवीण अमरेने शतक ठोकले आणि दुसरी कसोटी वाँडरर्सवर झाली. दक्षिण आफ्रिकेच्या वेगवान गोलंदाजांपुढे भारताचा पहिला डाव २२७ धावांत आटोपला, त्यांतल्या १११ एकट्या सचिन तेंडुलकरच्या. तो एकोणीस वर्षांचा होता आणि या डावात कसोटीतल्या हजार धावा पुऱ्या करणारा सर्वांत तरुण खेळाडू ठरला. बांद्र्याच्या साहित्य सहवासातला हा मुलगा, आणि ज्या शहरात त्याच्या आजोबांच्या वयाच्या हिंदी माणसाला पदपथावरून उतरवले जाई, ते शहर त्याच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. याच मालिकेत दक्षिण आफ्रिकेकडून ओमर हेन्री खेळला. बंदी उठल्यानंतरच्या संघातला पहिला गोरेतर खेळाडू, आणि वय चाळीस.

तेव्हापासून हे मैदान भारताला लाभलेले आहे. राहुल द्रविडचे पहिले कसोटी शतक इथलेच, १९९७ च्या जानेवारीत, १४८ धावांचे. दुसऱ्या डावात आणखी ८१. २००६ च्या डिसेंबरात श्रीशांतने ४० धावांत ५ बळी घेतले, दक्षिण आफ्रिका ८४ धावांत कोसळली आणि त्या देशातली आपली पहिली कसोटी आपण १२३ धावांनी जिंकली. कर्णधार होता द्रविड. पुढच्या सप्टेंबरात पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक इथेच पाकिस्तानला पाच धावांनी हरवून मिळाला. २०१३ साली श्रीरामपूरच्या झहीर खानने आपला तीनशेवा कसोटी बळी इथे घेतला. गडी होता कॅलिस. २०२२ च्या जानेवारीत पालघरच्या शार्दूल ठाकूरने एका डावात ६१ धावांत ७ बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेत कुठल्याही भारतीयाची ही सर्वोत्तम कसोटी गोलंदाजी. सामना मात्र आपण हरलो, आणि वाँडरर्सवर भारताचा कसोटीतला तो पहिलाच पराभव. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याबद्दल लिहिण्याची माझी इच्छा नाही. पाँटिंगचे १४० ज्यांनी पाहिले त्यांनाही वाचायची नसेल.

मैदानाच्या इतिहासाचा अलीकडचा मोठा दिवस मात्र भारताचा नाही. २०२३ च्या मार्चमध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध टेम्बा बवुमा याने इथे १७२ धावा काढल्या. केप टाउनजवळच्या लांगा वस्तीत वाढलेला, उंचीने लहानखुरा बवुमा त्याच मालिकेपासून देशाच्या कसोटी संघाचा कर्णधार होता, आणि तो मान मिळालेला पहिला कृष्णवर्णी आफ्रिकन. त्याचे आधीचे एकमेव कसोटी शतक सात वर्षांपूर्वीचे होते. दोन वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, त्याच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिका लॉर्ड्सवर कसोटीची जगज्जेती झाली. माझ्या मते वाँडरर्सच्या नोंदवहीतला सर्वांत महत्त्वाचा डाव हा बवुमाचा. बार्न्सचे सतरा बळी त्याच्यानंतर.

जिमखान्याच्या सभासदांपैकी कुणी जोहान्सबर्गला जाणार असेल, तर एक सुचवतो. इलोव्होचे मैदान पाहाच, पण आधी पार्क स्टेशनला जा. तिथे सकाळी, गर्दीच्या वेळेत, सोबत कुणी स्थानिक माणूस घेऊन जावे. कॅमेरा आणि मोबाइल खिशात ठेवावा. मुख्य दालनात पाच मिनिटे थांबावे. मग तिथूनच गौट्रेन या जलद रेल्वेने रोझबँकला उतरावे, नवे वाँडरर्स तिथून टॅक्सीने जवळ आहे. सामना नसेल तेव्हा आत जायचे असेल तर आधी कळवून परवानगी घ्यावी लागते.